डॉक्टरांच्या फाइलमध्ये नसलेला डोस

प्रश्न: माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना एका सकाळी त्याचे डोळे सुजलेले दिसले, मग पाय सुजले, मग पोट. आधी अ‍ॅलर्जी समजून औषधं झाली. लघवी तपासल्यावर नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिनं वाहून जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार, निघाला. स्टेरॉइड सुरू केल्यावर दहा-बारा दिवसांत प्रथिनं जाणं थांबून लघवी स्वच्छ झाली, पण त्यानंतर आजार तीनदा उलटला. गोळ्यांनी त्याचा चेहरा गोल झाला, भूक आवरत नाही, चिडचिड इतकी की शाळेतून तक्रारी येतात. म्हणून मागच्या दोन खेपांना दिवसाआडच्या गोळ्या चालू असताना मी कुणालाही न सांगता डोस निम्मा केला, कधी चुकवला. दोन्ही वेळा पुन्हा सूज आली. डॉक्टर म्हणतात, हा स्टेरॉइडवर अवलंबून असलेला प्रकार आहे, आता दुसरं औषध सुरू करू. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासण्याची बायोप्सी मात्र नको म्हणतात. मग निदान पक्कं कसं मानायचं? नवऱ्याला आणि सासूबाईंना डोसचं काही माहीत नाही. ओळखीतले एक जण सहा महिन्यांत मुळापासून बरं करून देतो म्हणतात, फक्त स्टेरॉइड आधी बंद करा अशी त्यांची अट आहे. दर वेळी त्याची किडनी थोडी थोडी निकामी होतेय का? धाकट्या मुलीलाही हे होईल का?

उत्तर:

तुमच्या पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण ज्यावर बाकी सगळं अवलंबून आहे ती गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकली आहे. डोस निम्मा केला, कधी चुकवला. मी तिथूनच सुरुवात करते. रागवायला म्हणून नव्हे. मनाने गोळ्या कमी करणारे आईबाप मला नेहमी भेटतात. ते सांगत नाहीत, पण गोळ्या ज्या दिवशी संपायला हव्यात त्या दिवशी संपलेल्या नसतात, त्यावरून कळतं.

डॉक्टरांनी मुलाच्या आजाराचा जो प्रकार ठरवला आहे, त्यामागे एक ठरलेला हिशेब असतो. स्टेरॉइड चालू असताना, किंवा ते बंद केल्यापासून १४ दिवसांच्या आत, लागोपाठ दोनदा आजार उलटला की मूल स्टेरॉइडवर अवलंबून आहे असं धरतात. तुमच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये काय लिहिलेलं असणार? दिवसाआडचा पूर्ण डोस चालू असताना दोनदा उलटला. प्रत्यक्षात मुलाच्या पोटात निम्मा डोस जात होता, आणि तोही नेमाने नाही. म्हणजे पुढच्या औषधाचा निर्णय चुकीच्या माहितीवर उभा आहे, आणि हे आजघडीला फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

यावरून ‘माझ्यामुळेच उलटला’ असं मनाला लावून घेऊ नका. पूर्ण डोस वेळच्या वेळी घेणाऱ्या मुलांचाही आजार उलटतो. पहिल्या खेपेला बऱ्या झालेल्या मुलांपैकी बहुतेकांचा तो एकदा तरी उलटतो, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना तो वारंवार छळतो. साधं सर्दी-पडसंही त्याला पुरतं. पूर्ण डोस दिला असता तर काय झालं असतं, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण खरं काय घडलं ते डॉक्टरांना कळलं, तर तुमच्या त्या चोरून केलेल्या प्रयोगातूनही उपयोगाची माहिती निघते. किती डोसपर्यंत खाली आलं की या मुलाचा आजार डोकं वर काढतो, याचा अंदाज त्यातून येतो. तो आला, तर त्याच्या जरा वरचा, दिवसाआड अगदी थोडा डोस कित्येक महिने चालू ठेवण्याचा मार्ग असतो. त्याने भागलं तर दुसरं औषध लांबवता येतं. न भागलं तर दुसरं औषध घ्यायचंच आहे, पण ते विचारपूर्वक घेतलेलं असेल.

तेव्हा पुढच्या तारखेची वाट पाहू नका. फोन करा आणि सांगा: ‘डॉक्टर, मागच्या दोन्ही खेपांना दिवसाआडचा डोस मी अमुक तारखेच्या सुमारास निम्मा केला होता, मधे काही वेळा दिलाच नाही. नवं औषध सुरू करण्याआधी हे तुम्हाला माहीत असावं.’ एवढं पुरे. कारणमीमांसा नको आणि माफीनामाही नको. तारखा आठवत नसतील तर उरलेल्या गोळ्या सोबत न्या, त्या मोजून बराच अंदाज बांधता येतो. डॉक्टर थोडे चिडतील कदाचित. चिडू द्या. आणि हे वाचून आजच्या आज स्वतःच्या मनाने डोस वाढवूही नका, बंद तर मुळीच करू नका. बाहेरून बरेच दिवस स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतात. अशा वेळी गोळी एकदम थांबली आणि त्यातच ताप, उलट्या किंवा एखादी शस्त्रक्रिया आली, तर मूल अचानक गळून पडू शकतं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जावं लागलं, दाताच्यासुद्धा, तरी मूल स्टेरॉइडवर आहे किंवा अलीकडेपर्यंत होतं हे पहिल्यांदा सांगायचं.

आता किडनीच्या भीतीबद्दल. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातला कचरा आणि जास्तीचं पाणी त्या बाहेर सोडतात आणि प्रथिनं आत अडवतात. हे अडवण्याचं काम गाळणीवर पसरलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी करतात. त्यांचे पाय एकमेकांत गुंतलेले असतात आणि मधल्या फटीत नेफ्रिन नावाच्या प्रथिनाचा पडदा असतो. तुमच्या मुलाच्या आजारात हे पाय पसरट होतात, पडदा विस्कटतो आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत वाहून जातं. रक्तात ते कमी झालं की पाणी रक्तवाहिन्यांबाहेर साचतं, मूत्रपिंडं मीठही धरून ठेवतात, आणि सूज येते. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती यात गुंतलेली आहे हे जुनं अनुमान. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आजार जोरात असलेल्या बऱ्याच मुलांच्या रक्तात थेट नेफ्रिनविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे त्याच्यावर हल्ला करणारी प्रतिकारशक्तीची प्रथिनं, सापडल्या. म्हणजे तुम्ही काही खायला घातलंत किंवा घातलं नाहीत म्हणून हे झालेलं नाही.

तुमच्या काळजीचं उत्तर याच वर्णनात आहे. गळती होणं आणि कचरा साफ करण्याची ताकद जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ताकद किती आहे ते रक्तातल्या क्रिएटिनिन या कचऱ्याच्या घटकावरून कळतं; ताकद घटली की तो रक्तात वाढतो. तुमच्याकडचे जुने रिपोर्ट काढून त्यावरचा क्रिएटिनिनचा आकडा पाहा आणि डॉक्टरांना त्याबद्दल स्पष्ट विचारा. स्टेरॉइडने ज्यांची लघवी दर वेळी स्वच्छ होते, अशा मुलांची मूत्रपिंडं पुढेही चांगली राहण्याची शक्यता खूप मोठी असते, मग आजार चारदा उलटो की दहादा. वय वाढेल तसं उलटणं विरळ होत जातं, बहुतेकांचं पौगंडावस्थेपर्यंत थांबतं. काहींना मोठेपणीही त्रास होतो, हेही सांगून ठेवते. मूत्रपिंडाचा खरा धोका असतो तो स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या मुलांना, आणि तुमचा मुलगा दहा-बारा दिवसांत दाद देणारा आहे.

बायोप्सी का नाही, याचं उत्तरही हेच. १९६० आणि ७० च्या दशकांत अनेक देशांतल्या मुलांच्या बायोप्सी करून त्यांचा पाठपुरावा झाला, तेव्हा दिसलं की एवढ्या लहान वयात, सूज आणि प्रथिनांच्या गळतीशिवाय दुसरं काही विपरीत नसताना, मूत्रपिंडाचा तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक वेळा जवळजवळ नॉर्मलच दिसतो. पुढचं भाकीत त्या तुकड्यापेक्षा स्टेरॉइडला मिळणाऱ्या प्रतिसादावरून जास्त चांगलं करता येतं. म्हणून एक ते बारा वर्षांच्या मुलांत आधी औषध देऊन पाहतात. बायोप्सी राखून ठेवतात ती वेगळ्या परिस्थितींसाठी: लघवी लाल किंवा काळपट होणं, रक्तदाब सतत चढा असणं, क्रिएटिनिन वाढलेलं राहणं, रक्तातलं सी-थ्री नावाचं प्रतिकारशक्तीचं प्रथिन कमी असणं, किंवा चार ते सहा आठवडे पूर्ण डोस देऊनही लघवी स्वच्छ न होणं. एक वर्षाच्या आत आजार सुरू झाला असेल तर जनुकीय तपासणीचा विचार आधी येतो. तुमच्या मुलात यातलं काही नसेल, तर बायोप्सी टाळणं हा डॉक्टरांचा निष्काळजीपणा नाही. पुढे सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही औषधं दीर्घकाळ द्यायची वेळ आली, तर त्यांचा मूत्रपिंडावरचा परिणाम पाहायला ती कदाचित करावी लागेल. तेव्हा तो वेगळा प्रश्न असेल.

राहिलं स्टेरॉइड. तुम्ही त्याला शत्रू मानलंय, आणि मुलाचा चेहरा पाहून तसं वाटणं मी समजू शकते. पण ते नसतानाचा काळही आठवायला हवा. स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक येण्याआधी या आजारातली अनेक मुलं दगावत, आणि ती बहुतेक करून जंतुसंसर्गाने. कारण लघवीतून अल्ब्युमिनबरोबर संरक्षण करणारी प्रथिनंही जातात, आणि पोटात साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. रक्त गोठण्याचं प्रमाणही बिघडतं, शिरांमध्ये गुठळ्या होतात. औषध न घेता सुजलेलं राहणं हा सुरक्षित पर्याय कधीच नव्हता.

स्टेरॉइडचे दुष्परिणाम खोटे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. वजन, रक्तदाब, उंचीची वाढ, डोळ्यांतला मोतीबिंदू, हाडं, स्वभाव, सगळ्यांवर परिणाम होतो. आणि म्हणूनच डॉक्टरांनाही ते कमीत कमी द्यायचं असतं, तुम्ही आणि ते एकाच बाजूला आहात. पहिल्या खेपेचा कोर्स लांबवला तर आजार कमी उलटेल असं पूर्वी वाटायचं. २०१९ साली ब्रिटनमधल्या २३७ मुलांच्या चाचणीत आठ आठवडे आणि सोळा आठवडे यांत त्या दृष्टीने फरक दिसला नाही, त्यामुळे लांब कोर्सचा आग्रह मावळत चालला आहे. आजार उलटल्यावर तर पूर्ण डोस लघवी सलग तीन दिवस स्वच्छ होईपर्यंतच द्यायचा असतो, पुढे साधारण चार आठवडे दिवसाआड. म्हणजे उलटणं जितकं लवकर पकडाल, तितका सुजेचा आणि पूर्ण डोसचा काळ आटोक्यात राहतो.

गोल चेहरा डोस कमी झाल्यावर काही आठवड्यांत, महिन्यांत उतरतो. चिडचिडीसाठी गोळी सकाळीच, खाल्ल्यावर द्या, रात्रीची झोप तरी वाचते. शाळेतल्या बाईंना साध्या शब्दांत सांगा की काही आठवडे औषधामुळे तो लवकर रडेल, सारखा भुकेला असेल, लघवीला जास्त वेळा जाईल. मुलाला त्या दिवसांत हट्टी म्हणू नका. उंची आणि रक्तदाब दर भेटीला, डोळे वर्षातून एकदा तपासून घ्या. हे विचारायला लाजू नका.

डॉक्टर म्हणताहेत ते दुसरं औषध कोणतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सगळ्यांबद्दल थोडं थोडं सांगते. लेव्हामिसोल हे तुलनेने सौम्य, दिवसाआड घ्यायचं. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी अधूनमधून तपासाव्या लागतात. मायकोफेनोलेटने पोट बिघडू शकतं, रक्ताच्या तपासण्या त्यातही लागतात. सायक्लोफॉस्फामाइड ८ ते १२ आठवड्यांचाच कोर्स असतो. एकूण मात्रा ओलांडली तर पुढे अपत्यक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तो सहसा पुन्हा देत नाहीत. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस परिणामकारक आहेत, पण रक्तातली पातळी मोजत राहावं लागतं. रिटुक्सिमॅब शिरेतून देतात, त्यानंतर बराच काळ जंतुसंसर्गाकडे लक्ष ठेवावं लागतं. डॉक्टरांना विचारा: हेच का निवडलं, किती महिने चालेल, त्याने स्टेरॉइड कितीने आणि कधी कमी होईल, कोणत्या तपासण्या कधी, आणि उपयोग होत नाही हे आपण कधी ठरवायचं. शेवटचा प्रश्न पालक विचारत नाहीत. तो जरूर विचारा.

सहा महिन्यांत मुळापासून बरं करणाऱ्या गृहस्थांबद्दल मला एवढंच म्हणायचंय. हा आजार आपला आपणही काही महिने, काही वर्षं गप्प बसतो, आणि त्या वेळी जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळतं. तेव्हा बरी झालेली चार मुलं त्यांनी दाखवली, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. उपचार कुठल्या पद्धतीचा आहे यावर मी वाद घालणार नाही. पण घटक न सांगितलेल्या पुडीत काय आहे हे मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही. पाऱ्यामुळे मोठ्यांना आणि मुलांना नेफ्रोटिक सिंड्रोम झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत, त्यात पारा असलेल्या गोरेपणाच्या क्रीमचाही समावेश आहे. काही वनस्पतींतलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल तर मूत्रपिंडाचं कायमचं नुकसान करतं. आणि स्टेरॉइड आधी बंद करा ही अट ज्याने घातली, त्याला अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं वर सांगितलेलं प्रकरण माहीत नाही किंवा त्याची पर्वा नाही. तिथे जाऊ नका.

घरी करायच्या गोष्टी. लघवीतली प्रथिनं रंगावरून दाखवणारी पट्टी मिळते, ती घरात हवीच. सकाळची पहिली लघवी, पट्टी बुडवून डब्यावरच्या रंगांशी ताडायची आणि वहीत लिहायचं: तारीख, पट्टीचा रंग, डोस, वजन, सर्दी-ताप असल्यास तेही. पट्टी नसेल तर लघवी परीक्षानळीत उकळून पांढरट गढूळ होते का पाहण्याची जुनी युक्ती आहे, एकोणिसाव्या शतकात लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनीही लघवी तापवूनच हे प्रथिन ओळखलं होतं. सलग तीन दिवस पट्टीचा रंग डब्यावरच्या तीन प्लस खुणेइतका किंवा त्याहून जास्त आला, म्हणजे आजार उलटला. एक दिवस दोन प्लस, तेही तापात, यावर धावपळ नको, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. सर्दी झाली की काही दिवस रोज थोडं स्टेरॉइड देऊन उलटणं टाळायचा सल्ला पूर्वी दिला जायचा. ब्रिटनमधल्या नंतरच्या एका मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, म्हणून तेही मनाने करू नका. आणि वहीत जे प्रत्यक्ष दिलं तेच लिहायचं, द्यायला हवं होतं ते नव्हे.

प्रथिनं वाहून जाताहेत म्हणून प्रोटीन पावडर चारण्याचा मोह आवरा. जास्तीची प्रथिनं लघवीत वाहून जातात, सूज उतरवत नाहीत. वयाच्या मानाने नेहमीइतकी पुरेत. मीठ सूज असताना कमी. पाणी फार सूज असताना आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच मोजून. न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा जंतू) आणि फ्लूच्या लसी घ्याव्यात. जिवंत जंतूंच्या लसी मात्र जास्त डोस चालू असताना टाळतात, त्यांची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कांजिण्या किंवा गोवर झालेल्या मुलाशी संपर्क आला तर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा. सूज असताना ताप आणि पोटात दुखणं, धाप लागणं, लघवी फारच कमी होणं, सतत उलट्या-जुलाब, एकाच पायावर दुखरी सूज, तीव्र डोकेदुखी किंवा फिट येणं, यांपैकी काहीही झालं तर थेट रुग्णालय, रात्र असो की दिवस.

नवऱ्याला सांगावं का? सांगावं. तुम्ही एकट्याने गोळ्या देता, एकट्याने मोजता, एकट्याने घाबरता. डोस कमी करण्याचा निर्णय त्या एकटेपणातूनच आला असणार. त्यांच्याकडून होकार किंवा क्षमा मागण्यापेक्षा काम मागा: सकाळची पट्टी त्यांनी पाहायची आणि वही त्यांनी लिहायची. सासूबाईंना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तुम्ही दोघं मिळून ठरवा. तिथे माझा आग्रह नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. वरचं उत्तर लहान, स्टेरॉइडला दाद देणाऱ्या मुलाबद्दल आहे. मोठ्या माणसाच्या लघवीतून दिवसाला ३.५ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं जात असतील, तर मधुमेह, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), वेदनाशामक गोळ्या, संसर्ग, उतारवयात कर्करोगसुद्धा कारण असू शकतो. तिथे बहुधा बायोप्सी लागतेच. मेम्ब्रेनस नावाच्या प्रकारात २००९ मध्ये सापडलेल्या एका अँटिबॉडीची रक्ततपासणी आता काहींची बायोप्सी वाचवते. आणि मुलाची लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, रक्तदाब वाढला, दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा किंवा त्वचा पिकली होती, तर तो बहुधा वेगळा आजार असतो. त्यात सी-थ्री कमी येतं, मूत्रपिंडाला खरोखर सूज असते, पण बहुसंख्य मुलं त्यातून पूर्ण बरी होतात. त्याला या पत्रातले उपाय लावू नका.

तुमच्या धाकट्या मुलीबद्दल. हा आजार संसर्गाने पसरत नाही. दोघांनी एका ताटात खावं, एका अंथरुणात झोपावं, काही बिघडत नाही. सख्ख्या भावंडांत तो दिसतो, पण क्वचित, म्हणून तिची आत्ता कोणतीही तपासणी करायची गरज नाही. एखाद्या सकाळी तिच्या पापण्या सुजलेल्या दिसल्याच, तर अ‍ॅलर्जीचं औषध देण्याआधी तिच्या लघवीची पट्टी तेवढी पाहा.